केटिलची मुलगी

यंदा दादा मेंढवाड्यावर दारूचा थेंबही न घेता आला. माझा तर विश्वासच बसेना! गेल्या शरदात हाच केटिल, माझा सख्खा भाऊ, अख्ख्या खोऱ्यादेखत मेंढरांत लोळला होता आणि त्याची लेक आल्फदिस तोंड लपवून घरी पळाली होती. आता तिचं लग्न जुळायच्या बेतात होतं. म्हणून स्वारी दाढी करून, धुतलेला लोकरी स्वेटर चढवून आली होती.

डोंगरावरची मेंढरं खाली आली होती. कानांच्या खुणा बघून जो तो आपापली ओढत होता. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी, होल्मफ्रिदुर, आमच्यापाशी आली; पलीकडच्या खोऱ्यातली, आमच्यापैकी कुणालाच तिने आधी पाहिलं नव्हतं. आल्फदिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "कुणाची गं तू?"

आम्हाला घराण्याचं आडनाव नसतं, बापाचं नावच पुढे चालतं. केटिलची मुलगी, बस्स. पोरगी चाचरली.

"योरुनची," म्हणाली.

आईची! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आईचं नाव कोण लावतं? जिला बापाचा पत्ता नाही ती. म्हातारीच्या भुवया वर गेल्या. "अगं बाई! म्हणजे बाप..."

योरुन वहिनी बिचारी थडग्यात, आणि कार्टीने तिच्या नावाला बट्टा लावला! मी तोंड उघडणार, तोच मागून कुणीतरी माझा दंड दाबला. दादा. दुसऱ्या हातात कॉफीचा पेला, लेकीसाठी आणलेला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"घ्या आजी, गरम आहे," पेला त्याने म्हातारीपुढे धरला. "मी यांचा शेजारी."

"शेजारी गुणी आहे हो तुमचा," म्हातारी मला म्हणाली. "आमचे मेले साधं पाणी विचारत नाहीत."

मी नुसती मान हलवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. दादा हसल्यासारखं करून मेंढरांत शिरला.

आल्फदिस कानापर्यंत लाल झाली होती. "आत्या, मी काय केलं गं हे?" म्हणाली, आणि म्हातारीसमोरच कुंपणावर चढून जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा!"

वाड्यातल्या निम्म्या बाप्यांनी वळून पाहिलं. माझा भाऊ तेवढा वळला नाही.