चामड्यात दबलेली अक्षरं

पवनीच्या बाजारात तृप्तीचं दुकान तसं नवं. लेझर मशीनवर चामडं कापून ती पाकिटं, कीचेन, वहीची कव्हरं बनवायची, त्यांवर नावं आणि चेहरे कोरायची. लग्नसराईत तर तिला जेवायलाही फुरसत नसे.

एका दुपारी आसगावहून रुखमाबाई आणि त्यांचे यजमान आनंदराव आले. बाईंनी छातीशी धरलेली जुनी चामडी बॅग टेबलावर ठेवली, वर एक फोटो.

"माह्या पोराची हाये, प्रविणची. सहा वर्सं झाली. वैनगंगेच्या घाटावर बॅग सापडली, तो नाही सापडला. घरच्या फोटोले ओल धरली. नाकडोळे दिसत नाही. हा एकच फोटो चांगला राह्यला, हा पाहून बॅगवर त्याचं तोंड काढून दे पोरी."

"आता कायले उकरून काढतं?" आनंदराव दारातूनच म्हणाले. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तृप्तीनं चामडं बोटानं दाबून पाहिलं. अस्सल होतं. बॅगचं झाकण मशीनखाली सपाट बसवून तिनं काम सुरू केलं. किरण पुढेमागे सरकू लागला. आधी केस उमटले, मग कपाळ, मग डोळे. धूर पंख्यानं ओढला, तरी जळका वास खोलीत भरला. आनंदराव एकदम बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"देह नाही सापडला म्हणून पुतळा जाळला, तवा असाच वास आला होता," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पळसाच्या पानाचा होता तो. पानाले असा वास येते का?"



चेहरा पुरा झाल्यावर तिनं ओल्या फडक्यानं काजळी पुसली. वरची काजळी निघाली, पण चेहऱ्याच्या खाली ती बारीक रेघांमध्ये तशीच अडकून राहिली. तिनं पुन्हा पुसलं. रेघा आणखी स्पष्ट झाल्या. ती अक्षरं होती. कोणीतरी या झाकणावर कागद ठेवून पेन दाबून लिहिलं होतं, आणि ते चामड्यात उतरलं होतं.

"काय हाये?" रुखमाबाई जवळ आल्या. "मले बारीक दिसत नाही. वाच."

तृप्तीनं ओट्याकडे पाहिलं. आनंदराव उठून उभे राहिले होते, चेहरा राखेसारखा.

"वाच पोरी."

"बाबा, मी गाव सोडून जाऊन राहिलो." तृप्ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. "नदीत पाहू नका. आईले सांगजा... नंबर बंटीजवळ आहे. तिनं बोलावलं तर येईन."

रुखमाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"चिठ्ठी होती?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौकात हात उचललो होतो मी त्याच्यावर," आनंदराव म्हणाले. "साऱ्या गावानं पाह्यलं. माह्या मारानं पोरगं पळालं, असं कोणत्या तोंडानं सांगू? लोकच म्हणाले, बुडाला. मी नाही म्हटलो नाही. वाटलं, राग उतरला का येईन तो."

"चिठ्ठी काय केली?"

"बॅगेतच होती. चुलीत टाकली."

"माह्या चुलीत?"

आनंदराव पुन्हा ओट्यावर बसले.

"बंटीले फोन लावा," बाई म्हणाल्या.

बंटी म्हणजे प्रविणचा मित्र, तुमसरकडच्या नाकाडोंगरीचा. आनंदरावांच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर होता. बाईंनी तेही पाहिलं. फोन लागला. बाईंनी चिठ्ठीचं विचारलं.

"काकाजीनं शपथ घातली होती, काकू," बंटी म्हणाला. "दोन वर्सं दर दिवाळीले त्याचा फोन ये. एकच विचारे, आईनं विचारलं का? मी नाही म्हणो. मंग फोन येनंच बंद झालं. आता तो नंबर लागत नाही. शेवटी सुरतले होता, कारखान्याचं नाव लिहून ठेवलं हाये."

रुखमाबाईंनी बॅग उचलली.

"काकू, काजळी आहे, लुगड्याला लागेल."

"लागू दे. तुमसरची बस किती वाजता हाये?"

आनंदराव मागे निघाले, तशा त्या थांबल्या. "तुमी नका येऊ," एवढंच म्हणाल्या आणि उन्हात चालू लागल्या.

बंटी त्यांना घेऊन सुरतला गेला. कारखान्यात समजलं, प्रविण तीन वर्षांपूर्वीच काम सोडून गेला. कुठे, कोणालाच ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं बाईंचा तृप्तीला फोन आला. त्या तिथंच एका खानावळीत पोळ्या लाटायला राहिल्या होत्या. चेहरा आणि बंटीचा नंबर कोरलेले चामड्याचे बिल्ले हवे होते, येणाऱ्या-जाणाऱ्या कामगारांना द्यायला. कागद हरवतो, चामडं खिशात राहतं, असं त्या म्हणाल्या.

तृप्तीनं चाळीस बिल्ले कापले. चाळीस वेळा तेच डोळे उमटले. ती समोर बसू शकली नाही. मशीन चालू करून बाहेर उभी राहायची. पार्सल पाठवलं, मग आणखी चाळीस.

आनंदराव बाजाराच्या दिवशी दुकानासमोर येतात. आत येत नाहीत, विचारत नाहीत. तृप्ती नुसती मान हलवते, प्रविणची काही खबर नाही म्हणून. ते थोडा वेळ मशीनकडे पाहत राहतात आणि आसगावच्या गाडीला जातात.