मंगरूचा टोल

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुना रूळ आहे. अख्खा रूळही नव्हे, त्याचा हातभर तुकडा. माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा भट्टीत झाला. जहाजातून मी मुंबईला उतरलो आणि सालेकशाच्या जंगलात येऊन आडवा झालो. पुढे कितीतरी वर्षे माझ्या अंगावरून गाड्या धडधडत गेल्या. कोणी कौतुकाचा शब्द काढला नाही. रुळाची आठवण लोकांना गाडी घसरल्यावरच येते! एका हिवाळ्यात मला तडा गेला, तेव्हा मला कापून गवतात फेकून दिले.

तिथून मला उचलले ते चैतरामने. तो रेल्वेत रुळांची देखभाल करणारा गँगमन होता आणि जवळच्या ख्रिस्ती वस्तीतला वडीलधारा माणूस. वस्ती ती केवढी! मोजकी कौलारू घरे, शेणाने सारवलेले एक प्रार्थनाघर आणि कधीमधी येणारे पाळक. घंटा आणायची कुणाची ऐपत नव्हती. चैतरामने साहेबाला विचारून मला घरी आणले, भोक पाडले, तारेने मोहाच्या झाडाला टांगले आणि हातोडीचा ठोका दिला. माझ्यातून असा गोड आवाज निघेल हे माझे मलाच ठाऊक नव्हते.

रविवारी मला भराभर ठोकत. कुणी प्रभूकडे गेले की मात्र सावकाश, थांबून थांबून. तो टोल ऐकला की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबणारी माणसे विळा टाकून येत आणि सगळी मंडळी मिळून माती देत. गरिबाला दुसरा कसला थाट? आपल्यासाठी टोल पडेल आणि सगळे धावत येतील, एवढाच भरवसा त्यांना होता. तो भरवसा माझ्या अंगावर टांगलेला होता, याचा मला अभिमान वाटे.

मग १९१८ साल उजाडले. पावसाने दगा दिला आणि धान कापायच्या दिवसांत मानमोडीच्या तापाची साथ आली. घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली. माझ्यावर सावकाश ठोके पडू लागले, आज एकासाठी, उद्या दुसऱ्यासाठी. मित्रांनो, मी लोखंडाचा खरा, पण त्या दिवसांत मला माझाच आवाज नकोसा झाला होता.

चैतरामची बायको अनुसयाबाई तापाने फणफणली होती. टोल ऐकला की ती दचकून उठे.

"आता कोन गेलं जी? आता माहीच पारी हाये."

एवढे बोलून ती तोंडाजवळची पेजेची वाटी दूर सारी. चैतरामला ते पाहवेना. बाकीच्या आजाऱ्यांचीही तीच गत. एका सकाळी तो आला, हातोडी काढून घेतली आणि म्हणाला, "जितके जिवंत हायेत, त्याहिले तरी जगू द्या. आता टोल बंद."

त्याने वाईट मनाने केले नाही. पण त्याच आठवड्यात वस्तीतला मंगरू तापाने गेला. त्याची बायको सुमित्राबाई शेजारच्याच खोलीत तापात बेशुद्ध पडली होती. टोल पडला नाही, म्हणून चैतरामशिवाय फारसे कोणाला कळलेच नाही. मंडळी समोरच्या बांधीत धान कापत राहिली आणि इकडे चैतरामने एका सोबत्याला घेऊन मंगरूला माती दिली. एवढ्या भल्या माणसाच्या मागे दोनच माणसे! मी झाडावर मुकाट्याने लोंबकळत ते पाहत होतो.

सुमित्राबाई शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिला प्रश्न टोलाचा विचारला. खरे ते कळल्यावर ती चैतरामच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुमची बायको भेत होती, मनून माह्या मानसाले टोल नाई? तुमची वाचली. माहा मानूस कुत्र्यावानी गेला."

त्या दिवसापासून ती प्रार्थनेला आली नाही. सौंदडला भावाकडे कायमचे जायचे, असे तिने ठरवून टाकले.

नव्या वर्षाच्या सकाळी मंडळी एकत्र बसून सरत्या वर्षाची साक्ष देई. देवाने काय दिले, काय नेले, ज्याने त्याने उभे राहून सांगायचे, असा रिवाज होता. त्या वर्षी बोलण्यापेक्षा रडणेच जास्त झाले. चैतराम उभा राहिला. अनुसयाबाई वाचली म्हणून तो आभार मानणार, असे सगळ्यांना वाटले.

"माह्या तोंडातून आभार निघून नाई रायला," तो म्हणाला. "सुमित्राबाई तिकडं गाठोडं बांधून रायली, आन् आपून इथं गाणे मनून रायलो."

त्याने बाहेर येऊन मला झाडावरून उतरवले. मला बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर घेतले आणि सगळी मंडळी मागे चालू लागली. सुमित्राबाईच्या अंगणात मांडवाच्या आडव्या लाकडी बल्लीला मला टांगले.

चैतरामने हातोडी तिच्या हातात दिली. "बाई, चूक माही. मंगरूचा टोल तू दे. सारे आले हायेत."

तिने हातोडी उगारली. मीही जीव एकवटला. एवढ्या दिवसांचा अडकलेला आवाज आता मोकळा होणार होता. तेवढ्यात कुडापलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. शेजारच्या शेतकऱ्याची सून चंद्रकांता तापात पडली होती.

सुमित्राबाईचा हात वरच थांबला. तिने कुडाकडे पाहिले. मग हातोडी खाली आली, पण माझ्यावर नाही.

"नोको," ती म्हणाली. "पोरीले भेव वाटंल. तोंडानं मना त्याचं नाव. हळू मना."

एकेकाने पुढे येऊन माझ्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हटले, "मंगरू." चैतरामची पाळी आली तेव्हा त्याला ते नाव पुरते उच्चारताही आले नाही. सुमित्राबाईनेच ते त्याच्यासाठी पूर्ण केले.

ती सौंदडला गेली नाही. गाठोडे सोडले, त्यातले तांदूळ काढले आणि चंद्रकांतासाठी पेज शिजवली. चंद्रकांता काही वाचली नाही. पण शेवटपर्यंत तिच्या उशाशी सुमित्राबाई होती. पुढे वस्तीने नियमच केला: टोल देण्याआधी कोणीतरी घरोघरी आजाऱ्यांची विचारपूस करून यायचे, आणि कोणी आजारी असेल तर टोलाऐवजी दारोदार जाऊन मंडळीला बोलवायचे.

आता प्रार्थनाघरात खरी पितळी घंटा आली आहे. मी शाळेच्या कुंपणापाशी लोंबतो, अंगावर गंज चढतो आहे आणि जाता-येता मुले मला दगड मारून वाजवतात. वाजवा मित्रांनो, माझी ना नाही. लोखंडाला मार सोसतो. फक्त दगड उचलण्याआधी एवढे बघत जा, आसपासच्या घरात कोणी खोकते आहे का.