तेविसावे भोक

मित्रांनो, तोंड वर करून सांगावे असे माझ्या आयुष्यात फारसे काही नाही. मी एक जुना पुठ्ठा आहे. वहीच्या पानाएवढा, कोपरे झिजलेला, अंगभर चाळीस भोके असलेला. सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या चाचणीत कुणाला किती गुण मिळणार, हे अकरा वर्षे माझ्यावरून ठरत आले.

आधी मी बुटांच्या खोक्याचे झाकण होतो. विज्ञानाच्या सरांना दर वर्षी दोनशे उत्तरपत्रिका तपासाव्या लागत. प्रत्येकीत चाळीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी. बरोबर वाटेल त्या चौकटीत मुलांनी फुली मारायची. तपासून तपासून सरांचे डोळे दुखायचे. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी मला उत्तरपत्रिकेच्या मापाचे कापले आणि बरोबर उत्तर येईल तिथे पंचने एकेक भोक पाडायला घेतले. मला उत्तरपत्रिकेवर ठेवायचे आणि भोकांतून जेवढ्या फुल्या दिसतील तेवढे गुण द्यायचे. बाविसाव्या भोकापर्यंत सर अगदी मन लावून काम करत होते. तेवढ्यात मुख्याध्यापिका डोकावल्या, सहलीच्या बसबद्दल काहीतरी विचारून गेल्या, आणि पुढचे भोक एक घर अलीकडे पडले.

तेविसावा प्रश्न असा होता: घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फ आहे. तो वितळला तर बरणीचे एकूण वजन वाढेल, कमी होईल, तेवढेच राहील, की सांगता येणार नाही? माझे भोक 'कमी होईल'वर होते.

पहिल्या वर्षी मला यातले काही कळत नव्हते. दोनशे उत्तरपत्रिका एका दुपारी तपासून झाल्या, तेव्हा सगळ्या शिक्षकांनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. "वा सर, काय डोकं चालवलंत!" असे जो तो म्हणाला. माझी छाती फुगली. पुढे सर मला हजेरीपटात घालून वर्गावर नेऊ लागले, आणि एकदा त्यांनी सातवीला शिकवलेले मी स्वतः ऐकले. "बर्फाचं पाणी झालं तरी बरणीतून बाहेर काय गेलं? काहीच नाही. मग वजन बदलेल कसं?" सर किती छान समजावून सांगत होते! आणि मी हजेरीपटात तोंड दाबून पडलो होतो. पुठ्ठ्याला बोलता येत नाही, ही सबब मी स्वतःला कितीदा दिली म्हणून सांगू? खरे सांगायचे तर मला कौतुकाची चटक लागली होती.

आमच्या शाळेत चाचणीचा पेपर दर वर्षी तोच असायचा. म्हणून प्रश्न छापलेल्या त्या उत्तरपत्रिका मोजून परत घेत आणि तपासल्यावर कुणालाच दाखवत नसत. कळायचे ते फक्त गुण. एका वर्षी एका मुलाला चाळीसपैकी चाळीस मिळाले. वर्गातल्या हुशार मुलांना एकोणचाळीस. त्यांनी त्याला कोपऱ्यात घेऊन एकेक उत्तर वदवून घेतले आणि गोम कुठे आहे ते शोधून काढले. तेव्हापासून थोरली भावंडे धाकट्यांना पढवू लागली, "तेविसाव्याला 'कमी होईल' मार. का ते विचारू नकोस. सरांना तेच लागतं."

मित्रांनो, गुण गेला याची जेवढी लाज वाटते, त्याहून जास्त लाज मला याची वाटते. माहीत असलेले खरे बाजूला ठेवून खोट्यावर फुली मारायला मुले माझ्यामुळे शिकली.

यंदा शिंप्याची धाकटी मुलगी सातवीत होती. तिला यंत्रांचे, बरण्यांचे, तराजूंचे भारी वेड. बत्तीस गुण मिळाले तरच पुढच्या वर्षी प्रयोगशाळेच्या गटात घेत. तिला मिळाले एकतीस. भाऊ घरी तिच्यावर चिडला होता. सांगून ठेवले असतानाही या पोरीने 'तेवढेच राहील'वर फुली मारली होती! दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, माझा तेविसावा प्रश्न बघाल का?"

"उत्तरपत्रिका दाखवायची पद्धत नाही."

"मला नका दाखवू. तुम्हीच बघा."

सरांनी तिची उत्तरपत्रिका काढली, वर मला ठेवले. तेविसाव्या भोकातून कोरा कागद दिसत होता. "हे बघ, चुकलंय," ते म्हणाले. मग त्यांनी माझी कड उचलून खालचा प्रश्न वाचला. मी त्यांच्या बोटांखाली होतो. ती बोटे थांबली आणि सरांचे कान लाल झाले. त्याच क्षणी त्यांनी "माझं चुकलं" म्हटले असते, तर मीही सुटलो असतो. पण अकरा वर्षांची चूक एकदम गळ्याखाली उतरत नाही.

"वितळताना थोडं पाणी हवेत जातंच," सर म्हणाले.

"पण सर, झाकण घट्ट आहे ना?"

"मग दाखव करून!"

तिने खरेच दाखवले. प्रयोगशाळेत तिने बर्फाची बरणी पुसून एका पारड्यात ठेवली, दुसऱ्यात वजने ठेवून काटा मधोमध आणला. तासाभराने पाहिले तर बरणीचे पारडे किंचित खाली गेलेले. "बघ, वाढलं," सर म्हणाले.

"पण कमी तर नाही ना झालं, सर?" असे म्हणून तिने बरणीवरून बोट फिरवले. बोट ओले झाले. वडिलांच्या दुकानातली चिंधी तिच्या खिशात होती. तिने बाहेरचे दव टिपून घेतले आणि काटा पुन्हा मधोमध आला.

सर स्टुलावर बसले. "तुझं बरोबर आहे. भोक मीच चुकीचं पाडलं," ते म्हणाले. "गुण देतो. तू गटात आहेस." मग हळूच म्हणाले, "पण बाकीच्यांचं काय करू? जुने पेपर तर रद्दीत गेले."

शाळेच्या कार्यालयातली कारकून ताई सह्यांसाठी रजिस्टर घेऊन दारात उभी होती. तीही याच शाळेत शिकलेली. तिने सगळे पाहिले होते.

"सर, मलाही एकतीसच होते," ती म्हणाली. "'तेवढेच राहील'वर फुली मारली होती मी. मग सगळे म्हणाले, चुकलं. घरी जाऊन दहा वेळा लिहून काढलं, बर्फ वितळला की वजन कमी होतं. आत्तापर्यंत मला तेच खरं वाटत होतं."

ताईने रजिस्टर टेबलावर ठेवले, पुढे झाली आणि तराजूपाशी वाकून बराच वेळ काट्याकडे पाहत राहिली.

मित्रांनो, एवढेच मागतो. माझ्यासारखा पुठ्ठा कराल तेव्हा तो आधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आणि माझ्या भोकातून तुमची फुली दिसली नाही, तर घरी जाऊन खोटे पाठ करू नका. आधी मला उचला आणि खाली काय लिहिले आहे ते वाचा.