टाळ्या नकोत, मी वाजतोय

मी एक जुना, वाजणारा चेंडू आहे. शाळेतल्या खेळाच्या कपाटात माझ्यासोबत अकरा फुटबॉल होते, त्यांतले चार बिनहवेचे. शिवाय दोन दोरखंड, तीन शिट्ट्या आणि तळ फुटलेली एक बादली. माझ्या पोटात सहा घुंगरं आहेत. कारखान्यात शेवटचा टाका घालण्याआधी कारागिराने मला कानाशी धरून हलवलं आणि समाधानाने मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

मित्रांनो, दुसरीची वाट बघून मी थकलो. क्रीडाशिक्षकांना माझा आवाज सोसवेना. "डोकं उठवलंय याने!" म्हणत त्यांनी माझ्या अंगावरच्या बारीक भोकांवर चिकटपट्टी मारली. वाजण्यासाठीच जन्मलो, आणि माझंच तोंड बंद!

मग एक प्राध्यापिकाबाई आल्या. त्या विद्यापीठात शिकवत. सगळ्या मुलांना एकाच तासाला एकत्र कसं खेळवायचं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी चिकटपट्ट्या नखाने खरवडून काढल्या आणि विचारलं, "याला शिक्षा कशाबद्दल, सर?"

मी त्यांना चिमीसाठी हवा होतो. चिमीला दिसत नसे. खेळाच्या तासाला ती कट्ट्यावर बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळी. बाईंनी तिला माझ्या आवाजाचा माग काढून आडवं झेपावायला शिकवलं. गुडघे सोलवटले, पण पोरगी पटाईत झाली.

तरी मुख्याध्यापिकांनी अट घातलीच. सगळ्यांसमोर दहा चेंडूंपैकी निदान पाच अडवले, तर चिमी वर्गासोबत खेळेल. नाहीतर बाटल्या आहेतच.

शनिवारी अख्खी शाळा मैदानाभोवती जमली, चिमीची आईही आली. मी घरंगळत निघालो आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "शाब्बास, चिमी!" अहो, कसली शाब्बास? अजून तिने काही केलंच नव्हतं! मी जीव तोडून वाजत होतो, पण ऐकतंय कोण? चिमी डावीकडे झेपावली, मी उजवीकडून गेलो. लोक हळहळले आणि तिला धीर यावा म्हणून आणखी जोरात टाळ्या पिटू लागले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मी म्हटलं नव्हतं?" क्रीडाशिक्षक बाईंना म्हणाले. "उगाच पोरीला तोंडघशी पाडलंत."

बाई उत्तर देणार, तोच चिमी उभी राहून ओरडली, "आई, पुरे ना! सगळ्यात जोरात तूच वाजवतेयस! मला चेंडू ऐकू दे!"

आईचे हात हवेतच थांबले. "अगं बाई, मला वाटलं तुला बरं वाटेल."

"अडवल्यावर वाजव ना!"

बाईंनी सगळ्यांना हाताने शांत केलं आणि त्या मुख्याध्यापिकांकडे वळल्या. "मॅडम, पहिल्यापासून मोजूया का?"

"छे! गेलेले तीन गेले. उरलेल्यांत काय ते दाखवा."

मित्रांनो, मला चकचकीत पुसू नका, काचेच्या कपाटातही ठेवू नका. माझी भोकं मोकळी ठेवा. आणि कुणी माझ्याकडे कान लावून उभं असेल, तेव्हा तुमचं कौतुक थोडा वेळ खिशात ठेवा. एवढंही जमत नाही का हो?

मैदान गप्प झालं. मी पुन्हा निघालो.

उरलेल्या सात चेंडूंपैकी चिमीने सहा अडवले.