झगा उलटा होता

“माझं नाव कुठंय?” नवा कॅटलॉग साहेबांच्या टेबलावर आपटत बाईंनी विचारलं.

मुखपृष्ठावरचं चित्र बाईंनीच केलेलं होतं. पेन्सिलीच्या चार रेघांतली तरुणी, अंगात कांद्याच्या जांभळ्या सालीचा झगा. आतल्या पानावर तिचीच बहीण, डोक्यावर बाटलीच्या बुचाची टोपी. तळाशी नाव मात्र साहेबांच्या सुनेचं. या कापड कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत.

साहेबांनी समजूत घातली, की घरचं नाव असलं की माल घरंदाज वाटतो. शिवाय कांदा काही बाईंनी शोधून काढलेला नाही. बाईंच्या बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी केलेला हा पहिला विनोद, तोही फुकट गेला. वर आणखी काम सांगितलं. शुक्रवारी वहिनी ग्राहकांसमोर असं चित्र करून दाखवणार. बाईंनी आकृती काढून द्यायची, साहित्य मांडायचं आणि मागे बसायचं. नोकरी टिकवायची तर गप्प बसायचं, हेही जाता जाता सांगून झालं.

“वहिनींना जमेल?”

“नुसतं ठेवायचं तर आहे, बाई. त्यात काय एवढं?”

ते ‘काय एवढं’ तीन दिवस बाईंच्या कानशिलात ठणकत राहिलं. मनाजोगती एक साल मिळेपर्यंत त्यांच्या घरी आठवडाभर कांद्याचीच भाजी होत असे.

शुक्रवारी पंचवीसेक व्यापारी जमले. वहिनींनी शार्पनरमधून निघालेलं पेन्सिलीचं गोल साल चिमटीत धरलं. त्याच्या रुंद कडेला पेन्सिलीचा लाल रंग असतो. तोच झग्याचा काठ. वहिनींनी तो कमरेला लावला आणि निमुळतं टोक पायांकडे. टाळ्या पडल्या. जन्मभर कापड विकलेली माणसं, पण झगा खाली डोकं वर पाय करून उभा आहे, हे एकाच्याही लक्षात येईना.

बाई उठल्या. त्यांनीही हे ठरवलेलं नव्हतं.

“सरका, वहिनी.” त्यांनी नखाने साल फिरवलं. काठ पायांवर आला आणि कागदावरची पोरगी चालायला लागल्यासारखी झाली.

“मदतनीस तरबेज आहे हं तुमची,” एक व्यापारी वहिनींना म्हणाला.

वहिनींनी बाईंकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि म्हणाल्या, “हो ना.”

बाईंनी पेन्सिल उचलली. “मदतनीस नाही. चित्रं मी काढते.” पावलांखाली त्यांनी आपलं नाव लिहिलं, आडनावासकट. राग असा हातात उतरला होता की शेवटच्या अक्षराला शिसं मोडलं.

सोमवारी बाईंचं टेबल रिकामं झालं. चित्र मात्र दर्शनी भिंतीवर लागलं; ते लोकांना आवडलं होतं. नाव रबराने खोडून टाकलं होतं. पण रबराने शिसं निघतं, कागदात रुतलेली रेघ निघत नाही. सकाळी दार उघडल्यावर तिरपं ऊन आत आलं की आडनाव अजून स्पष्ट वाचता येतं.