केसांच्या तारा आणि खोबरेल

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट सांगायला बरं. लांब मान, मानेच्या टोकाला लाकडात कोरलेलं घोड्याचं डोकं, खाली चौकोनी पेटी, पेटीवर ताणलेलं बकरीचं कातडं आणि त्यावरून गेलेल्या दोनच तारा. त्याही धातूच्या नाहीत, घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या आहेत. मंगोलियात मला मोरिन खूर म्हणतात. गजाने वाजवायचं वाद्य आहे मी. वयाची ऐंशी वर्षं कधीच ओलांडली. सध्याचा पत्ता धामापूर, तालुका मालवण. हसू नका, सगळं सांगतो.

माझा जन्म गोबीच्या कडेला, लोकरीच्या जाड थरांच्या एका गोल तंबूत झाला. गानबोल्ड नावाच्या माझ्या मालकाच्या आजोबांनी मला एका हिवाळ्यात घडवलं. एक तार घोड्याच्या केसांची, दुसरी घोडीच्या. कान कोरताना त्यांचा हात घसरला आणि डावा कान जरा तिरका झाला, तो आजही तसाच आहे. तंबूत दारासमोरची मानाची जागा माझी होती. पाहुणा आला की आधी मी वाजायचो, मग चहा व्हायचा. मुका मोरिन खूर घरात असू नये, असं आमच्याकडची माणसं मानतात.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. एखादी उंटीण पहिल्यांदा व्याली आणि पिल्लाला जवळ घेईना, की आजोबांची बायको मला घेऊन तिच्यापुढे बसायची. मी वाजायचो आणि ती “हूऽस, हूऽस” असं गात राहायची. कधी तासभर, कधी दोन दिवस. शेवटी उंटीण पिल्लाला हुंगायची आणि तिला पान्हा फुटायचा. अशी किती पिल्लं जगली, ते मोजायला मला बोटं नाहीत.

पुढे घरातली माणसं शहरात राहायला गेली आणि मी तिथल्या भिंतीवर खिळ्याला लटकलो. गानबोल्डने नवा, लाकडी पोटाचा मोरिन खूर घेतला. हल्लीची आमची पोरं त्याला विजेवर जोडतात, गिटार आणि ढोलाच्या जोडीने वाजवतात आणि हजारो माणसं त्यावर नाचतात. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण ऐकता ऐकता माझ्याही तारा थरथरायच्या, हेही खरं.

एका जानेवारीत गानबोल्ड पिंगुळीला लोककलांच्या मेळ्यासाठी आला. जुनं वाद्य दाखवायला म्हणून मलाही सोबत आणलं. त्याची उतरायची सोय धामापूरला सावित्रीकडे झाली. घरात सावित्री आणि तिची कॉलेजात शिकणारी लेक तन्वी, दोघीच. तन्वीचे बाबा बोटीवर नोकरीला. दुसऱ्याच दिवशी गानबोल्ड तापाने फणफणला. सावित्रीने त्याला आठ दिवस पेज भरवून उभा केला. त्याचं नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून ती सरळ “गणबा” म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा! बरा होता होता त्याने तन्वीला माझ्यावर दोन सूर वाजवायला शिकवले. निघताना मला तिच्या मांडीवर ठेवलं, हातात राळेचा खडा दिला आणि खुणांनी बजावलं, “गजाला राळ लाव आणि ह्याला मुका ठेवू नकोस.” राळेने गजाचे केस खरखरीत होतात, तेव्हाच माझ्या तारा बोलतात. तन्वीने मान डोलावली.

आणि मग काय झालं? तन्वीची परीक्षा आली. घोड्याचं तोंड बघून सावित्रीने मला देवच मानलं आणि देवघरातल्या फळीवर बसवलं. हार, गंध, अगरबत्ती, सगळं साग्रसंगीत! पाऊस लागला तशी माझ्या कातड्यावर बुरशी धरली. सावित्रीचा जीव कळवळला. तिने बुरशी पुसली, वाटीत खोबरेल घेतलं आणि माझ्या दोन्ही तारांना नि गजाच्या केसांना छान चोळून लावलं. पुढे दर शनिवारी तोच कार्यक्रम. तुम्हीच सांगा, इतक्या मायेने कुणी तेल लावलं तर त्याच्यावर ओरडायचं कसं?  आणि तेल पिऊन बसलेल्या तारांना बोलायची सोय तरी कुठे उरली होती?

दिवाळी झाली आणि त्यांची पवळी गाय व्याली. पहिलारू होती. पाडी झाली, गोंडस, कपाळावर पांढरा टिळा. पण पवळीने तिला एकदा बघितलं आणि लाथ मारली. पाडी जवळ गेली की शिंगं रोखायची. दूध काढायला बसलं तर पान्हा चोरायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. गाय ठणठणीत आहे, पण आईने घेतलं नाही तर पाडीचं अवघड आहे, असं म्हणाले. शेजारच्या गाईचं दूध बाटलीने पाजायला गेलं तर पाडी दोन घोट घ्यायची आणि बाकीचं तोंडातून सांडायची. संध्याकाळपर्यंत तिची मान खाली पडायला लागली.

तेव्हा तन्वीला गानबोल्डने खुणांनी सांगितलेली उंटिणीची गोष्ट आठवली. ती धावत देवघरात आली, मला खाली घेतलं, गोठ्यात बसली आणि गज ओढला.

काही नाही. गज सुळकन घसरला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. मित्रांनो, पुढे उपाशी वासरू पडलेलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

तन्वीने तारांवरून बोट फिरवून हुंगलं. “आये! हेका तेल कोणी लावला?”

“मी लावलंय. केसांक तेल नको? सुके केस तुटतले मगे!”

“आणि गणबान दिलेलो राळेचो खडो खंय आसा?”

सावित्री चाचरली. “तो धूप नाय होतो? मी चवथीक आरतेर जाळलंय. वास बरो येय होतो.”

तन्वी रडेल असं मला वाटलं. पण ती पोरगी माझ्याहून हट्टी निघाली. तिने डोळे पुसले आणि पदर, सॉरी, ओढणी खोचली. चुकून माझ्या तोंडी सावित्रीचा पदर आला, कारण तोही त्याच वेळी खोचला गेला होता. दोघींनी माझ्या तारा उतरवल्या. रिठ्याच्या फेसात त्या तीनदा धुतल्या, गजाचे केसही धुतले आणि वाऱ्यावर टांगले. सकाळी तन्वी स्कूटर काढून तारकर्लीला हरिश्चंद्रकाकांकडे गेली. आता बहुतेक होड्या फायबरच्या, पण काका अजून जुन्या लाकडी होड्यांच्या फटी राळ घालून बुजवतात.

“होडयेक नको तर कित्याक व्हयी राळ?” काकांनी विचारलं.

“गायीक गाणा आयकवचा आसा,” तन्वी म्हणाली. काकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मूठभर राळ पुडीत बांधून दिली.

इकडे सावित्रीही बसून नव्हती. भजनातला पखवाज सर्दावला की शेकतात, हे तिला माहीत होतं. तिने मला चुलीपासून हातभर लांब धरून कातडं हळूहळू शेकलं. कातडं ताणलं गेलं आणि माझ्या पोटात पुन्हा हवा घुमायला लागली. तारा चढल्या, गजाला राळ लागली. तन्वीने गज ओढला आणि मी बोललो. आवाज घोगरा होता, पण माझाच होता!

दुपारभर आम्ही गोठ्यात वाजवलं. तन्वीला दोनच सूर येत होते, तेच पुन्हा पुन्हा. पवळीने फक्त कान हलवले. माझ्या तारा नखांच्या मुळांनी बाजूने दाबायच्या असतात; अंधार पडेपर्यंत तन्वीच्या नखांची मुळं सोलून निघाली. “सोड गो आता,” सावित्री म्हणाली. “उद्या बघूया,” तन्वीने एवढंच उत्तर दिलं. पाडीला दोघींनी चमच्या-चमच्याने दूध घालून कशीबशी रात्र काढली.

सकाळी पाडीला उभंही राहता येईना. तन्वीने बोटांना चिंध्या बांधल्या आणि पुन्हा तेच दोन सूर धरले. सावित्री पाडीला मांडीशी घेऊन बसली होती. तिच्याही नकळत ती गुणगुणायला लागली, “हूं हूंऽ, बाय माझी, हूं हूंऽ.” तन्वीला पाळण्यात निजवताना ती असंच गुणगुणायची. तिचा सूर माझ्या सुरात येऊन बसला. उंटिणीपुढे गाणाऱ्या त्या बाईची मला आठवण झाली आणि मी अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं बळ लावलं.

पवळीने रवंथ थांबवला. मान वळवली, पाडीला हुंगलं. मग जीभ बाहेर काढून तिच्या कपाळावरचा तो टिळा चाटला, एकदा, दोनदा, चाटतच राहिली. सावित्रीने पाडीला अलगद सडाशी धरलं. पान्हा फुटला होता.

पवळीच्या डोळ्यांत पाणी आलं का, ते मला दिसलं नाही. पण त्या दोघी मायलेकी हुंदके देऊन रडत होत्या.

त्या संध्याकाळी सावित्री खोबरेलाची वाटी घेऊन आली तेव्हा मी धसकलोच. पण तिने तन्वीला पुढ्यात बसवलं. “माका काय म्हायत गो,” ती म्हणाली. “आता तेल तुझ्या डोक्याक आणि राळ हेका.” दुसऱ्या दिवशी मला देवघरातून काढून पडवीत, हाताशी येईल अशा खुंटीवर अडकवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं वाद्य असेल. त्याला हार घाला, माझी ना नाही. पण आधी त्याला हातात घ्या. त्याला काय चालतं आणि काय बाधतं ते विचारून घ्या आणि वाजवा. दोनच सूर येत असले तरी चालेल. ते कधी कुणाच्या जिवाला उपयोगी पडतील, सांगता येत नाही.

हल्ली तन्वीला कॉलेजातून यायला उशीर होतो. मग दूध काढायच्या वेळी सावित्री पडवीत येते. आजूबाजूला कुणी नाही ना बघते, दोन्ही हात पदराला खसखसून पुसते, तेलाचा अंशही राहू नये म्हणून बोटं हुंगून खात्री करून घेते. मग मला खुंटीवरून काढून गोठ्यात नेते. सूर अजून चुकतो तिचा. पवळी तरी पान्हा सोडते.