दहापैकी दहा

ठमीने स्वेटरची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आडवा ठेवला.

"घ्या, हवं तेवढं रक्त घ्या. पोटभर खाऊन आलेय."

"बाही खाली करा. आज रक्त नकोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा दादा बसला होता. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा, पंधराव्या मजल्यावर दोरीला लोंबकळतानाही शीळ घालणारा माणूस. रक्ताच्या कर्करोगाने चार महिन्यांत त्याचं पार चिपाड केलं होतं. केमोच्या दोन फेऱ्यांनंतर त्याने हात टेकले. बास झालं, घरी चला, एवढंच त्याचं पालुपद. मग ठमीचा बोन मॅरो त्याच्याशी जुळला, दहापैकी दहा, आणि ती वॉर्डभर मिरवून आली. शाळेत गणितात कायम गटांगळ्या खाणाऱ्या बाईला अख्खे दहा! निव्वळ तिच्या आनंदाखातर दादाने उपचारांना मान डोलावली होती.

"दोघांच्या जनुकांचे रिपोर्ट आलेत," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "हा कर्करोग जनुकातल्या एका बिघाडामुळे झालाय. बहुतेकांमध्ये तो बिघाड पुढे कधीतरी, फक्त रक्तात होतो. यांचा जन्मापासूनचा आहे. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. तोच तुमच्यातही आहे."

"म्हणजे मलाही हे झालंय?"

"नाही. कदाचित कधी होणारही नाही. पण तुमचा मॅरो दिला तर तोच बिघाड पुन्हा यांच्या अंगात जाईल. आपण बाहेरचा दाता शोधू. तोवर केमोची आणखी एक फेरी घ्यावी लागेल."

ठमीला स्वतःची भीती वाटलीच नाही. राग मात्र आला. जन्मात एकदा दादाच्या उपयोगी पडायची वेळ आली होती, तीही हुकली. आणि आता तो काय म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. केमोच्या संमतीचे कागद टेबलावर तसेच पडले होते.

"दादा, अरे बोल ना काहीतरी."

दादाने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"डॉक्टर, हिचं काय करायचं?"

"दर सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी. कायमची. लवकर कळलं की उपचारांना वाव राहतो."

"ही येणार नाही."

"येईन की!"

"दाढ किडली तर वर्षभर एका बाजूने जेवत होती ही. शेवटी मीच ओढत नेली."

ठमीचे डोळे भरून आले.

दादाने कागद पुढे ओढले आणि प्रत्येक पानावर थांबत सगळ्या सह्या केल्या.

"हिची सहा महिन्यांनंतरची तारीख आत्ताच लिहून द्या," तो म्हणाला. "मी घेऊन येतो हिला."